नाकारलेली प्रतिकृती : ‘तेत्सुवान आतोमु’ आणि त्याची ॲनिमेशन-रूपे

माध्यमांतराच्या अभ्यासात मूळ संहितेशी असलेल्या इमानाचा निकष वारंवार मोडीत काढला गेला आहे. लिंडा हचन यांच्या २००६च्या सैद्धान्तिक ग्रंथानंतर तर तो उघडपणे वापरणे अभ्यासकांना अवघड वाटू लागले. तरीही प्रत्यक्ष समीक्षाव्यवहारात तो मागच्या दाराने परत येतो. चित्रपटाचा विचार करताना कादंबरीतील काय गळले याची यादी आधी तयार होते आणि मग तिच्यावर सिद्धान्ताचे पांघरूण घातले जाते. या सवयीची तपासणी करण्यासाठी तेझुका ओसामु (१९२८–१९८९) यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या जपानी विज्ञानकथात्मक मांगाइतके सोयीचे आणि तितकेच अडचणीत टाकणारे उदाहरण क्वचितच सापडेल. ही कथाच मुळात एका प्रतिकृतीची आहे. आणि मूळासारखी नाही म्हणून ती प्रतिकृती टाकून दिली जाते, हा तिचा आरंभबिंदू आहे.

कथेचा गाभा थोडक्यात असा : वैज्ञानिक तेनमा यांचा मुलगा तोबिओ वाहन-अपघातात मरण पावतो. पुत्रशोकाने ग्रासलेले तेनमा हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव घडवतात. काही काळाने त्यांच्या लक्षात येते की हा मुलगा वाढत नाही. संतापाच्या भरात ते त्याला सर्कशीला विकतात. तेथून ओचानोमिझु हे दुसरे वैज्ञानिक त्याची सुटका करतात आणि आतोमु म्हणून त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. कोल्लोदीच्या पिनोकिओशी याची तुलना सहज सुचते. तेझुकांनी १९५२ साली पिनोकिओवरही मांगा काढला होता. परंतु लाकडी बाहुल्याला अखेरीस रक्तामांसाचा मुलगा होण्याचे बक्षीस मिळते. आतोमुला ते मिळणार नाही, हे पहिल्याच प्रकरणात ठरून गेलेले असते. त्याच्यापुढचा प्रश्न ‘खरा’ होण्याचा नसून, खरा नसताना कोणाचा तरी म्हणून जगण्याचा आहे.

तेनमांचा दोष कोणता? त्यांनी प्रतिकृती केली हा नव्हे. प्रतिकृतीकडे ते केवळ मूळाच्या मापाने पाहत राहिले, हा त्यांचा दोष आहे. मूळ संहितेशी इमानाचा निकष लावणारा समीक्षक आणि तेनमा यांच्या दृष्टीत फारसे अंतर नाही, हे विधान वरवर पाहता शब्दखेळ वाटेल. आतोमुच्या संहितांचा इतिहास पाहिला, तर तो शब्दखेळ राहत नाही.

‘मूळ’ म्हणून ज्याकडे बोट दाखवावे, तेच येथे निश्चित नाही. आतोमु प्रथम अवतरला तो ‘आतोमु ताइशी’, म्हणजे ‘राजदूत आतोमु’, या मालिकेत. ती ‘शोनेन’ या मासिकात एप्रिल १९५१ ते मार्च १९५२ या काळात प्रसिद्ध झाली. तेथे तो नायकदेखील नाही. कथा आहे परग्रहावरून आलेल्या लोकांची. ते हुबेहूब पृथ्वीवासीयांसारखे आहेत, प्रत्येकाचा जोडीदार पृथ्वीवर आहे. तोंडे दुप्पट झाल्यावर अन्न अपुरे पडते आणि पाहुण्यांचा छळ सुरू होतो. त्या छळाचे नेतृत्व तेनमाच करतात. ज्याचा जोडीदार कोठेही नाही असा एकमेव जीव म्हणजे आतोमु. म्हणून मध्यस्थी त्याच्याकडे येते आणि विश्वासाची खूण म्हणून तो स्वतःचे मस्तक काढून देतो. सॅन फ्रान्सिस्को येथे शांतता-तहावर सप्टेंबर १९५१मध्ये सह्या झाल्या आणि तो एप्रिल १९५२मध्ये अमलात आला. परव्याप्त देशातल्या बालवाचकाच्या हाती त्याच महिन्यांत ही राजदूताची कथा पडत होती, ही बाब नजरेआड करण्यासारखी नाही.

या मालिकेच्या शेवटी परग्रहवासी निरोप घेताना आतोमुला एक भेट देतात : प्रौढ माणसाचा चेहरा. कायमचे मूल राहण्याच्या शापातून सुटण्याची ती वाट असते. एप्रिल १९५२पासून ‘तेत्सुवान आतोमु’ या नव्या नावाने मालिका सुरू झाली आणि १९६८पर्यंत चालली. त्या मालिकेत तो चेहरा वापरला गेला नाही. आतोमु पुन्हा मूलच आहे. म्हणजे लेखकानेच आपल्या पहिल्या संहितेच्या समारोपाशी इमान राखले नाही. पुढची गोष्ट त्याहून सूचक आहे. आज जी ‘आतोमुची जन्मकथा’ सामान्यतः पुस्तकाच्या आरंभी वाचली जाते, ती तेझुकांनी १९७५ साली ग्रंथावृत्तीसाठी नव्याने रेखाटली. तोपर्यंत दूरचित्रवाणीवरील जन्मकथा बारा वर्षे जुनी झाली होती. क्रमाने वाचणाऱ्या वाचकाला जे मूळ वाटते, ते कालक्रमाने रूपांतरानंतरचे आहे.

समीक्षक ओत्सुका एइजी यांनी २००३मधील आपल्या ग्रंथात तेझुकांच्या शरीरचित्रणाविषयी महत्त्वाचे निरीक्षण मांडले आहे. डिस्नेच्या वळणाची गोल, लवचीक, कधीही न मरणारी आकृती तेझुकांनी उचलली. पण विद्यार्थिदशेत, १९४५ साली, काढलेल्या एका हस्तलिखित मांगात त्या आकृतीतल्या मुलाला विमानातून गोळी लागते आणि तो रक्तबंबाळ होतो. न मरणाऱ्या रेषेला मरण देण्याचा हा क्षण ओत्सुकांना युद्धोत्तर मांगाचा उगम वाटतो. आतोमु त्याची दुसरी बाजू आहे : त्याचे शरीर तुटते, हात निखळतात, छाती फाटते, तरी ते वाढत नाही. हे मत सर्वस्वी स्वीकारले नाही, तरी एक प्रश्न त्यातून उरतोच. स्थिर चित्रांच्या माध्यमात न वाढणारे मूल ही माध्यमाला साजेशीच अवस्था आहे. त्या मुलाला हालते केल्यावर काय होते?

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी दूरचित्रवाणीवर पहिला भाग दाखवला गेला. तेझुकांच्याच मुशी प्रॉडक्शनने ३१ डिसेंबर १९६६पर्यंत एकूण १९३ कृष्णधवल भाग तयार केले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देणे पूर्ण ॲनिमेशनच्या पद्धतीने अशक्य होते. म्हणून दर सेकंदाला लागणाऱ्या चित्रांची संख्या कमी केली गेली, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवला गेला, फक्त ओठ हलवले गेले, आकाशात झेपावणाऱ्या आतोमुची तीच चित्रे साठवून पुन्हा पुन्हा वापरली गेली. या काटकसरीचे गोडवे गाण्याची एक प्रथा पडली आहे. तिच्यात सामील होण्याचे कारण नाही. स्वस्तात भाग विकण्याच्या या घडीने जपानी ॲनिमेशनमधील कामगारांवर दीर्घकाळ भार टाकला, अशी टीका होत आली आहे, आणि १९७३ साली मुशी प्रॉडक्शन स्वतःच दिवाळखोरीत गेले. तरीही दृश्यफळ नाकारता येत नाही. ही मालिका डिस्नेच्या ओघवत्या हालचालीची नक्कल करू शकली नाही, म्हणूनच ती मांगाच्या चौकटींजवळ राहिली : एक थबकलेले चित्र, मग झटका, मग पुन्हा थबकणे. आतोमु त्या पडद्यावर मुलासारखा हालत नाही. आणि तो मूल नाहीच.

ध्वनीच्या बाबतीत तर ही मालिका मांगाच्या पुढे गेली. ओनो मात्सुओ यांनी घडवलेला आतोमुच्या पावलांचा आवाज कोणत्याही बुटाचा नाही, कोणत्याही यंत्राचा नाही. मांगात वाचक आतोमुचे यंत्रपण सहज विसरू शकतो, कारण रेषेत तो इतर मुलांसारखाच असतो. पडद्यावर प्रत्येक पावलागणिक ते ऐकू येते. याउलट तानिकावा शुन्तारो यांच्यासारख्या कवीने लिहिलेल्या शीर्षकगीताने त्याला निःसंदिग्ध नायक केले. एकाच मालिकेच्या ध्वनिपट्टीत हे दोन्ही आतोमु नांदतात. अमेरिकेत ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून १०४ भाग गेले तेव्हा नावे बदलली आणि दुसरा आतोमु साहजिकच वरचढ ठरला.

शेवटच्या भागात सूर्याचे उग्र रूप शमवण्यासाठी आतोमु सूर्यात झेप घेतो. बालप्रेक्षकांसाठी हा शेवट धक्कादायक होता. परंतु तौलनिक अभ्यासकाला पुढची घडामोड अधिक महत्त्वाची वाटावी. जानेवारी १९६७पासून तेझुकांनी ‘सांकेइ’ या वृत्तपत्रात नवी मांगा सुरू केली, आणि ती या दूरचित्रवाणीवरील शेवटापासूनच पुढे सरकते. सूर्याकडे गेलेला आतोमु परग्रहवासीयांच्या हाती लागतो, दुरुस्त होतो आणि काळात मागे, लेखकाच्या स्वतःच्या दशकात येऊन पडतो. तेथे त्याच्यासमोर व्हिएतनामचे युद्ध उभे राहते. आता मांगा ही ॲनिमेशनची उत्तरकथा झाली. ज्या प्रतिकृतीला मूळाच्या मापाने मोजायचे, तिच्यापासूनच मूळ पुढे वाढू लागले.

नंतरच्या रूपांपैकी १९८०ची ५२ भागांची रंगीत मालिका सफाईदार आहे. आतोमुचा प्रतिस्पर्धी ॲटलास आणि त्याला दुष्कृत्याची मोकळीक देणारा ‘ओमेगा’ घटक यांमुळे तिच्यात एक वैचारिक कणा येतो. २००३ हे मांगामधील आतोमुच्या जन्माचे वर्ष. त्या वर्षीच्या ५० भागांच्या मालिकेत तेनमांची सावली सर्वत्र पसरली आहे आणि पित्याची बाजू त्यात प्रथमच सविस्तर येते. २००९च्या संगणकीय चित्रपटाविषयी फार लिहावे असे त्यात काही नाही.

खरे उत्तर दिले ते दुसऱ्या मांगाकाराने. तेझुकांच्या १९६४–६५मधील ‘पृथ्वीवरील सर्वांत बलाढ्य यंत्रमानव’ या प्रकरणावरून उरासावा नाओकी यांनी नागासाकी ताकाशी यांच्या सहकार्याने ‘प्लूटो’ (२००३–२००९) ही आठ खंडांची मांगा रचली. तेझुकांच्या कथेत एका सुलतानाच्या हौसेपायी बनवलेला प्लूटो जगातील सात श्रेष्ठ यंत्रमानवांना एकेक करून नष्ट करायला निघतो. मुले सामना पाहावा तसे ते वाचत. उरासावांनी त्याचा खूनतपास केला. त्यांचा नायक आतोमु नव्हे, तर मूळ कथेत अल्प जागा मिळालेला जर्मन यंत्रमानव-गुप्तहेर गेझिश्त आहे. सर्वनाशक यंत्रमानवांच्या संशयावरून पर्शियावर झालेले आक्रमण आणि त्याआधीचे तपासपथक या पार्श्वभूमीतून २००३चे इराक-युद्ध लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

या मांगाच्या जन्माशी निगडित एक तपशील येथे नोंदवण्याजोगा आहे. अनुमती देताना तेझुकांचे पुत्र, दिग्दर्शक तेझुका माकोतो, यांनी वडिलांच्या शैलीची नक्कल नको, उरासावांनी स्वतःच्या रेषेत काढावे, असा आग्रह धरला. पहिल्या खंडाच्या अखेरीस प्रकट होणारा आतोमु त्यामुळे शिंगासारखे केस नसलेला, रस्त्यात भेटावा असा साधा मुलगा आहे. गेझिश्तसारख्या यंत्रालाही तो क्षणभर माणूस वाटतो. वारसदाराने येथे तेनमाची भूमिका नाकारली, असे म्हणता येईल. कथेच्या आतही उरासावा तेनमांच्या नकाराचे कारण बदलतात. हा मुलगा वाढत नाही ही तक्रार मागे पडते. तो तोबिओपेक्षा अधिक शहाणा आहे, ही नवी तक्रार. परिपूर्ण प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणून अपयशी ठरते, हा विचार तेझुकांत बीजरूपाने होता. उरासावांनी तो उलगडून दाखवला.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर ‘प्लूटो’चे आठ दीर्घ भाग आले. दिग्दर्शक कावागुची तोशिओ. आणि निर्मितीमागे मारुयामा मासाओ, ज्यांची कारकीर्द १९६५ साली मुशी प्रॉडक्शनमध्येच सुरू झाली. मालिका देखणी आहे, कष्टपूर्वक केलेली आहे, आणि बऱ्याच अंशी निर्जीव आहे. चौकटीमागून चौकट तशीच पडद्यावर येते. उरासावांचे कौशल्य पान उलटण्याच्या क्षणाशी बांधलेले आहे : डाव्या पानाच्या शेवटी कोणीतरी चमकून पाहते आणि काय पाहिले ते पान उलटल्यावरच कळते. ॲनिमेशनमध्ये पान नाही, वाचकाच्या बोटाने धरलेला अवकाश नाही. उरतो तो एक ठरावीक कालावधीचा विराम. तोबिओची खोली जशीच्या तशी नीट लावून ठेवावी, तसे हे इमान आहे.

एका भागात मात्र ते मोडते, कारण मोडण्यावाचून इलाज नव्हता. स्कॉटलंडमधील वाड्यात राहणाऱ्या डंकन या अंध संगीतकाराकडे युद्धातून आलेला नॉर्थ क्रमांक २ हा यंत्रमानव सेवक म्हणून राहतो आणि पियानो शिकू पाहतो. मांगाच्या पानावर संगीत नाही. वाचकाला डंकनचा चेहरा दिसतो, पण तो जे ऐकतो ते ऐकू येत नाही. डंकनला ऐकू येते, पण दिसत नाही. कथेतील सर्व वेदना या अदलाबदलीत साठलेली आहे. ॲनिमेशनला कान्नो युगो यांचे संगीत प्रत्यक्ष वाजवावे लागले आणि मांगातील ते मौन कायमचे गेले. त्याच्या जागी दुसरे काही आले. आकाशात नॉर्थ क्रमांक २ झुंजत असताना वरून सूर उतरतो आणि खाली म्हातारा मान वर करून उभा असतो, तेव्हा प्रेक्षक प्रथमच डंकनच्या बाजूला येतो. सूर तुटतो. वर काय घडले हे डंकन पाहू शकत नाही. तो सेवकाला हाक मारून पियानोच्या सरावाला परत बोलावतो, आणि प्रेक्षकाला उत्तर ठाऊक असूनही तोही त्याच्याबरोबर कान देऊन थांबतो.