माल ‘घेणं’ कोण शिकवतं? स्क्रिब्नर यांचा डेअरीचा अभ्यास आणि लाखांदूरचं धान

पेटची किंवा नेटची तयारी करताना ‘सिच्युएटेड कॉग्निशन’ हा शब्द तुम्ही पाठ केला असेल, आणि त्याच्यासमोर सिल्व्हिया स्क्रिब्नर हे नावही. आज त्यांचं मूळ काम जरा उघडून बघू. ‘स्टडीइंग वर्किंग इंटेलिजन्स’ हा लेख 1984 साली बार्बरा रोगॉफ आणि जीन लेव्ह यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आला. मी तो एका ठरावीक प्रश्नासाठी वाचला. वयाने मोठ्या माणसांना गोदामात माल उतरवून घ्यायला, म्हणजे आवक करायला, कसं शिकवावं, याबद्दल तो काही सांगतो का? बरंच सांगतो, पण मोक्याच्या जागी गप्प बसतो.

आधी लेखात काय आहे ते. अमेरिकेतल्या एका दूध डेअरीत रात्रपाळीला कामगार ऑर्डरप्रमाणे क्रेट भरतात. एका क्रेटमध्ये क्वार्टच्या 16 बाटल्या बसतात. कागदावर ऑर्डर असते ‘1 − 6’. म्हणजे एक क्रेट, वजा सहा. 10 बाटल्या हव्यात. शाळेत शिकलेली रीत वापरली तर भरलेल्या क्रेटमधून सहा बाटल्या काढायच्या. मुरलेला कामगार बाजूला अर्धवट भरलेला, आठ बाटल्यांचा क्रेट बघतो आणि त्यात दोन टाकतो. उत्तर तेच, पण सहाऐवजी दोनच हालचाली. स्क्रिब्नर यांनी हेच काम नववीच्या मुलांना दिलं, तेव्हा मुलं बहुतेक वेळा कागदावर लिहिलं तसंच करत राहिली. कामगार मात्र जवळजवळ नेहमी कमी कष्टाचा मार्ग शोधत. ज्यांना आपण ‘कमी शिकलेले’ म्हणतो त्यांची बुद्धी इतकी नेमकी मोजून दाखवणं सोपं नव्हतं, आणि लेखाची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं.

आता आपल्याकडच्या प्रशिक्षणाकडे वळा. स्टॉक मॅनेजमेंटच्या कुठल्याही नोट्स काढा. एबीसी ॲनॅलिसिस, फिफो, मग इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचं सूत्र. हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलं. ‘माल स्वीकारणे’ याला त्यात अर्धं पान: चलन पाहा, माल मोजा, जुळवा, आवक पावती करा, रजिस्टरला नोंद घ्या. भंडारा जिल्ह्यातल्या सहकारी संस्थेत काम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला यातलं काय उपयोगी पडणार? धान ऑर्डर देऊन येत नाही. पीक निघालं की येतं, आणि सगळ्यांचं एकदमच येतं. त्याला अडतं ते नेमकं त्या अर्ध्या पानापाशी.

लाखांदूर तालुका चुलबंद आणि वैनगंगेच्या काठचा, धानाचा. आधारभूत किमतीने खरेदी होते तेव्हा पणन महासंघाच्या वतीने स्थानिक संस्था केंद्र चालवतात. तिथे माल घेणाऱ्याला काय काय ठरवावं लागतं बघा. ओलावा 17 टक्क्यांच्या आत आहे का. माती-खडे एक टक्क्याच्या वर तर नाहीत, काडी-कचरा एक टक्क्याच्या वर तर नाही. पोचट आणि आक्रसलेले दाणे तीन टक्क्यांच्या आत आहेत का. मग वजन. कट्टा 40 किलोचा. 50 किलो क्षमतेच्या नव्या ज्यूटच्या पोत्याचं प्रमाणित वजन 580 ग्रॅम, म्हणजे काट्यावर 40.58 दिसलं की हिशेब पुरा.

इथे स्क्रिब्नर यांची मोजपट्टी तुटते. डेअरीत कौशल्य म्हणजे कमी हालचाली, आणि त्यात कोणाचं नुकसान होत नव्हतं. केंद्रावर काट्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी असतात आणि दोघांचं हित उलटं असतं. घेणाऱ्याचा ‘कमी कष्टाचा मार्ग’ कोणता? ढिगाच्या वरच्याच पोत्यातून मूठभर धान घेऊन ओलावा बघणं. पोती मोजायची आणि गुणिले 40 लिहायचं. मार्ग छोटा आहे, कौशल्यही आहे, पण माल नीट घेतला गेला का? खरं तर या लेखाच्या निकषाने आळशी ग्रेडरही तज्ज्ञ ठरू शकतो. लेखाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही; त्यात माल मोजण्याचं काम आहे, दुधाच्या बिलाचा हिशेब आहे, पण समोरच्या पक्षाशी घासाघीस करत माल ताब्यात घेणं त्याच्या मध्यभागी नाही. ते कौशल्य तिथून उचलून थेट प्रशिक्षणात आणणाऱ्यांनी मात्र थांबायला हवं.

पोत्यामागे जास्त धान घेतात ही तक्रार तुम्ही पूर्व विदर्भात ऐकली असेल. कट्ट्यामागे एक किलो जादा गेलं असं समजा. 100 कट्ट्यांना एक क्विंटल. 2024-25 च्या साधारण धानाच्या दराने ते 2300 रुपये. नोंद जर ‘पोती गुणिले 40’ अशीच होत असेल, तर हा क्विंटल कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसणार नाही. त्यासाठी रकानाच नाही. हातात फक्त रजिस्टर असलेल्या संशोधकाला इथे सगळं आलबेल वाटेल.

आता दुसरी बाजू, आणि इथे सायन्सवाल्यांनी पेन काढा. 17 टक्के ओलाव्याच्या 40 किलो धानात कोरडा भाग 33.2 किलो. गोदामात तेच धान 14 टक्क्यांवर आलं तर वजन 33.2 भागिले 0.86, म्हणजे 38.6 किलो. चोरी नाही, उंदीर नाही, तरी 1.4 किलो गेलं. घेताना ओलावा 20 होता आणि कागदावर 17 लिहिलं, तर शेवटी 37.2 किलोच उरतं. पुढे माल गिरणीला देताना तूट संस्थेच्या अंगावर येणार असेल, तर ती आधीच शेतकऱ्याकडून वसूल करायचा मोह कुठून येतो हे कळतं. मोह योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण प्रशिक्षणात हे गणित न दाखवता ‘प्रामाणिकपणे मोजा’ एवढंच सांगणं म्हणजे सुकण्याचा खर्च कोणी सोसायचा हा खरा प्रश्न गाळून टाकणं.

कागद आणि माल यांच्यातलं अंतर फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. निकोल डिहोराशियस आणि अनंत रमण यांनी 2008 साली एकाच अमेरिकन किरकोळ विक्री कंपनीच्या 37 दुकानांमधल्या सुमारे 3,70,000 साठा-नोंदी तपासल्या. त्यातल्या 65 टक्के चुकीच्या निघाल्या. संगणक असताना! हा पेपर स्क्रिब्नरच्या शेजारी ठेवून वाचा. एक हाताचं काम बघतो, दुसरा नोंद बघतो. आवक ही दोघांच्या मधली जागा, आणि तुम्हाला विषय शोधायचा असेल तर तिथे आहे.

मग मोठ्यांना शिकवायचं कसं? माल्कम नोल्स यांच्या प्रौढ शिक्षणाच्या मांडणीतलं एक वाक्य प्रशिक्षकांच्या तोंडी नेहमी असतं: अनुभव हाच साधनस्रोत. व्यवहारात त्याचं होतं काय, तर ‘काका, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे’ म्हणायचं आणि लगेच फॉर्म भरायला लावायचं. त्या काकांचा अनुभव एका बाजूचा आहे. ते वीस वर्षं काट्यासमोर धान घेऊन उभे राहिलेत, काट्यामागे कधी नाही. तेव्हा वर्गात दहा पोती आणा, काही मुद्दाम ओली, एखाद्यात मातेरं जास्त. अर्ध्यांनी घ्यायचं, अर्ध्यांनी द्यायचं, मग अदलाबदल. आणि घेणाऱ्याला अपेक्षित आकडा आधी सांगायचा नाही. आधी वजन आणि ओलावा लिहायचा, मग चलन उघडायचं.

हा शेवटचा भाग संशोधन म्हणूनही करता येईल. त्वेर्स्की आणि काहनेमन यांनी 1974 मध्ये दाखवलं की आधी कानावर पडलेला आकडा आपल्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. मीटर वाचतानाही तसं होतं का? एका गटाला चलन आधी दाखवा, दुसऱ्याला नंतर. पोती तीच, क्रम बदलून. त्याच्या जोडीला जुन्या रजिस्टरमधल्या ओलाव्याच्या रकान्याचा हिस्टोग्राम काढा. निसर्गातून आलेले आकडे पसरलेले असतात. 16.8, 16.9, 17.0 याच आकड्यांवर गर्दी असेल आणि 17.1 पासून पुढे शुकशुकाट, तर नाकारलेल्या मालाची नोंद कुठे आहे ते आधी विचारा. ती वही वेगळी ठेवलेली असू शकते. नसेल, तर तुमचा सॅम्पल फक्त ‘पास’ झालेल्या धानाचा आहे आणि मीटरबद्दल त्यावरून काहीच लिहिता येणार नाही.