संगमरवर, यंत्र आणि कारागीर

प्रतिकृति म्हटली कीं रसिकाच्या कपाळास आठी पडते. आणि ती यंत्रानें केली असें कळलें म्हणजे तर निकालच लागतो. हा निकाल अविचाराचा आहे, असें आम्हांस वाटतें.

पार्थेनॉनमधील चंद्रदेवता सिलीनीच्या रथाच्या घोड्याचें मस्तक १८१६ पासून ब्रिटिश म्यूझियमच्या मालकीचें आहे. २०२२ सालीं ऑक्सफर्डच्या एका संस्थेस त्याचें मोजमाप घेण्याची परवानगी नाकारण्यांत आली. तेव्हां तिच्या लोकांनीं साध्या प्रेक्षकांप्रमाणें आंत जाऊन हातांतील फोनांनीं तें घेतलें. इटलींत कॅरारा येथें त्या आंकड्यांवरून यंत्रानें संगमरवर कोरला, व अखेरचा हात कारागिरांनीं फिरविला.

यांत नवें तें किती? प्लॅस्टरच्या नमुन्यावरील बिंदू सळईनें मोजून दगडांत उतरविण्याची युक्ति यूरोपांतील शिल्पशाळांत एकोणिसाव्या शतकांतही रूढ होती. शिल्पकार मातीशीं झगडे; दगड बहुधा पगारी कारागीर फोडीत. म्हणून त्या मूर्ति कोणी हीन मानल्या नाहींत. मापन हा दोष नव्हे. मापनासच निर्णयाची जागा देणें हा दोष. यंत्राच्या पात्याचे चरे घांसतांना यंत्राची खूण कोठें संपते व काळानें केलेली झीज कोठें सुरू होते, हें डोळा आणि हातच ओळखतात.

आपल्याकडील उदाहरण घ्या. गणपतराव म्हात्रे यांनीं १८९६ सालीं विद्यार्थिदशेंत घडविलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरची आहे. रवींद्रनाथांनीं जिच्यावर लेख लिहिला, ती ही मूर्ति. प्लॅस्टर ठिसूळ, म्हणून तिचें सूक्ष्म मोजमाप जतन झालें पाहिजे. पण तिला संगमरवरांत उतरवूं पाहणारानें इतकें ध्यानांत ठेवावें, कीं प्लॅस्टर प्रकाश पृष्ठावरूनच परतवितें, संगमरवर तो किंचित् आंत घेतो. त्याच मापाच्या निर्‍या तेथें मवाळ दिसतील. माप अचूक, आणि मूर्ति मात्र निराळी! हा फरक भरून काढणें कारागिराचें काम.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत कशेळीच्या सड्यावर जांभ्यांत कोरलेला सुमारें १८ मीटर लांबीचा हत्ती ऊनपावसांत उघडा पडला आहे. त्याच्याही प्रत्येक रेषेचें मोजमाप अवश्य घ्यावें. मात्र प्रतिकृति मूळ पाहण्याची ओढ लावील तरच ती सार्थ. मूळाची काळजी सोडण्यास ती सबब झाली, तर यंत्र कितीही निर्दोष असो, अपराध आमचाच ठरेल.