मोर्लेकृत ग्लॅडस्टन-चरित्र : साधनग्रंथ या दृष्टीनें परीक्षण

इंग्लंडांतील उदारमतवादी पक्षाचे धुरीण विल्यम ग्लॅडस्टन (१८०९-१८९८) यांचें जॉन मोर्ले यांनीं लिहिलेलें त्रिखंडात्मक चरित्र १९०३ सालीं प्रसिद्ध झालें. १९०९ च्या सुधारणांमुळें मोर्ले यांचें नांव आपल्याकडील वाचकांस सुपरिचित आहे. हें चरित्र वाङ्मयदृष्ट्या थोर आहे, याविषयीं दुमत नाहीं. साधनग्रंथ म्हणून त्याची योग्यता किती, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रथम गुण. हार्डन येथील खासगी दप्तर ग्रंथकारास खुलें होतें; दोन ते तीन लक्ष कागद नजरेखालून गेल्याचें ते स्वतः सांगतात. एवढ्या राशींतून सुसंगत कथन उभें करणें हें सामान्य काम नव्हे. मूळ पत्रें व दैनंदिनी यांतील उताऱ्यांमुळें ग्रंथास भरीवपणा आला आहे.

आतां दोष. मोर्ले हे अज्ञेयवादी. ग्लॅडस्टन यांच्या धर्मविषयक बाजूचा सविस्तर इतिहास येथें मिळणार नाहीं, असें त्यांनीं आरंभींच बजावलें आहे. हा स्पष्टपणा स्तुत्य खरा. पण त्यानें वैगुण्य भरून निघत नाहीं. १८३८ सालीं राज्य व चर्च यांच्या संबंधाचें ग्रंथरूपानें समर्थन करणाऱ्या ग्लॅडस्टन यांनींच १८६९ सालीं आयर्लंडांतील प्रस्थापित चर्चचा राजाश्रय काढून घेतला. या स्थित्यंतराची बाह्य हकीकत मोर्ले चोख देतात. परंतु ज्या पुरुषाचें राजकारण धर्मबुद्धींतून उगवलें, त्याचा धर्म वगळला असतां राजकारणाचें मूळच दृष्टीआड होतें.

दुसरा दोष पक्षपाताचा. १८८६ च्या आयरिश स्वराज्याच्या प्रकरणांत मोर्ले स्वतः आयर्लंडचे मुख्य चिटणीस होते. ८ जून १८८६ रोजीं तें विधेयक ३१३ विरुद्ध ३४३ मतांनीं फेटाळलें गेलें व पक्ष दुभंगला. या प्रसंगीं ग्रंथकार एकाच वेळीं साक्षीदार व न्यायाधीश ठरतो. फुटून निघालेल्या चेंबरलेन यांचें आत्मनिवेदन १९५३ सालीं छापून निघालें. तें शेजारीं ठेवल्यावांचून मोर्ले यांचीं हीं प्रकरणें वाचूं नयेत.

कुटुंबाच्या आदरापोटीं झांकलेल्या कागदांचा परिणाम काय झाला तेंही पाहण्याजोगें आहे. पतित स्त्रियांच्या उद्धाराचें ग्लॅडस्टन यांचें कार्य सर्वश्रुत होतें. १९२५ सालीं पीटर राइट या लेखकानें त्यावरून त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले. १९२७ सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें आणि पंचांनीं ग्लॅडस्टन-पुत्रांच्या बाजूनें कौल दिला. पुढें दैनंदिनी लॅम्बेथ येथें आर्चबिशपांच्या स्वाधीन झाली. १९६८ ते १९९४ या काळांत ती १४ खंडांत प्रसिद्ध झाली. चाबकाच्या लहानशा खुणेनें दर्शविलेल्या आत्मताडनाच्या नोंदी तींत सांपडल्या. व्यभिचाराचा आरोप मात्र सिद्ध झाला नाहीं. ज्या कागदांची भीति बाळगली, त्यांनींच मनुष्य अधिक समजण्याजोगा केला.

मोर्ले यांचा ग्रंथ त्याज्य ठरतो असें नव्हे. ब्रिटिश म्यूझियममध्यें गेलेल्या ग्लॅडस्टन-दप्तराचे ७५० खंड व छापील दैनंदिनी हीं आतां मूळ साधनें होत; चरित्र हें त्यांवरील एका जाणत्या सहकाऱ्याचें भाष्य होय. घराण्यांचीं दप्तरें मिळविणाऱ्या संग्राहकांनीं यावरून एक नियम घालून घ्यावा. कागद कोणत्या अटीवर मिळाले, त्यांतील काय गाळलें व मूळ कोठें आहे, हें प्रस्तावनेंत नमूद केल्यावांचून एकही उतारा छापूं नये. मालकाचा मान राखणें योग्यच. पण गाळलेल्या जागीं टिंबें तरी असावीं, म्हणजे पुढच्या शोधकास तेथें कांहीं होतें एवढें तरी कळेल.