मेणबत्तीचं बोलावणं

वीज गेली की धर्माबादला आमच्याकडे मेणबत्ती लागते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. तिच्या उजेडात हातातलं काम उरकायचं असतं. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी मुलांना तिच्याकडेच पाहायला लावलं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात सुरू झालेली त्यांची मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं विल्यम क्रुक्स यांनी संपादित केली आणि १८६१ साली त्यांचं पुस्तक झालं.

पहिल्याच व्याख्यानात फॅरडे वडीलधाऱ्यांची परवानगी मागतात: मुलांशी मला मूल होऊन बोलू द्या. वय तेव्हा ६९. हे मागणं कुठून आलं, ते मला १८१२ सालात दिसतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या फॅरडेंना दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, विल्यम डान्स यांनी, याच संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. गॅलरीत घड्याळाच्या वर बसून त्यांनी टिपणं घेतली, स्वतःच बांधून डेव्हींकडे धाडली. १८१३ मध्ये तिथेच नोकरी मिळाली. दुसऱ्याने दिलेल्या तिकिटावर आत आलेला हा माणूस विषय निवडतो तो घरोघरी असलेला.

ज्योतीखालची मेणाची वाटी ही पुस्तकातली माझी सर्वांत आवडती जागा. तापलेली हवा वर जाते, बाजूने गार हवा येते, तिच्यामुळे काठ घट्ट राहतो आणि मधलं मेण वितळतं. नक्षीदार मेणबत्तीचा काठ सारखा नसतो, म्हणून ती ओघळते. ओघळ दिसला की फॅरडे थांबतात, कारण विचारतात. हे वाचलं आणि समईत तेल वातीवर चढतं कसं, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच निरखून पाहिलं.

पुढे ते मेणबत्ती विझवतात आणि धुराच्या रेघेला वर दोन-तीन इंचांवर पेटती काडी लावतात. ज्योत त्या रेघेवरून धावत येऊन वातीवर बसते. मेणाची वाफ जळते, हे डोळ्यांनीच कळतं. समई आपण फुंकून विझवत नाही, तेव्हा करून पाहायचं ते मेणबत्तीवरच.

सहाव्या व्याख्यानात ज्योत आणि श्वास एकत्र येतात: दोन्हींतून निघणारा वायू चुन्याची निवळी पांढरी करतो. मी पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, वरचं नितळ पाणी अलगद पेल्यात ओतलं. शेजारच्या मुलीला नळी दिली. ओढायचं नाही, नुसतं फुंकायचं, असं दोनदा बजावलं. थोड्या वेळात पाणी दुधाळ झालं. तिने पेला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "काका, आता मेणबत्तीला फुंकायला लावा."