तुतारीच्या आधीची चार वचने

जगाच्या अंताविषयी बायबलमध्ये वाचायचे म्हटले की हात आपसूक शेवटच्या पुस्तकाकडे जातो. योहानाच्या प्रकटीकरणातले सात शिक्के, चार घोडेस्वार आणि समुद्रातून वर येणारे श्वापद यांनी चित्रकारांना आणि प्रवचनकारांना शतकानुशतके खाद्य पुरवले आहे. पण अंतकाळावरचे त्याहून कितीतरी जुने ख्रिस्ती लेखन नव्या करारातच आहे आणि ते एक साधे पत्र आहे. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र : पाच अध्याय, ८९ वचने. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते इ. स. ५०च्या सुमारास करिंथहून लिहिले गेले. तेव्हा चारपैकी एकही शुभवर्तमान आजच्या रूपात लिहून झालेले नव्हते. येशूला क्रुसावर देऊन जेमतेम वीस वर्षे लोटली होती, आणि तो लवकरच परत येणार या वाटेवर त्याच्या अनुयायांचे डोळे लागलेले होते.

थेस्सलनीका म्हणजे मासेदोनिया प्रांताची राजधानी. एड्रियाटिक समुद्रापासून बायझँटियमकडे जाणारा रोमन राजरस्ता तिथून जाई, आणि बंदरही नांदते होते. पौल, सिल्वान आणि तीमथ्य तिथे आले, काही दिवस राहिले आणि दंगा उसळल्यावर रातोरात निसटले. त्यांना आसरा देणाऱ्या यासोनाच्या घरावर जमाव चालून गेल्याची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत आहे. मागे उरली नुकतीच मूर्तिपूजा सोडलेली, शिकवणीचे चार धडे गिरवलेली माणसे. पौलाने काळजीपोटी तीमथ्याला परत पाठवले. तो बातमी घेऊन आला : मंडळी टिकून आहे, पण तिला एक घोर लागला आहे. प्रभू येण्याआधीच आपली काही माणसे वारली. त्यांचे काय होणार? जिवंत राहिलेल्यांनाच तो दिवस दिसणार आणि गेलेले मागे राहणार का?

हे पत्र मला थोर वाटते ते या प्रश्नामुळे. अंतकाळाचे हे वर्णन कुतूहलातून किंवा धाक घालण्याच्या इच्छेतून आलेले नाही. घरातले माणूस गेलेल्यांनी विचारले, म्हणून ते लिहिले गेले. चौथ्या अध्यायात पौल त्यांना शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच त्याचे मागणे आहे. रडायला त्याने जागा ठेवली आहे. मग तो क्रम सांगतो : प्रभू स्वतः उतरेल, आज्ञेची गर्जना होईल, देवाची तुतारी वाजेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील आणि त्यानंतर जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर मेघांत त्याला भेटायला जातील. मेलेले आधी! ज्यांच्यासाठी जीव तुटत होता, त्यांनाच त्याने मिरवणुकीच्या अग्रभागी आणले. जिवंत उरणाऱ्यांबद्दल बोलताना तो ‘आपण’ म्हणतो. तो दिवस आपल्या हयातीत येईल अशी त्याची स्वतःची अपेक्षा होती, आणि ती त्याने झाकलेली नाही.

त्यानंतर पौल काय सांगत नाही, तेही पाहावे. मेघांतल्या भेटीनंतर सारे वर जातात की राजाला सामोरे गेलेल्या नगरजनांप्रमाणे त्याला घेऊन खाली येतात, याचा उल्लेख नाही. सोन्याचे रस्ते नाहीत, अग्नीचे सरोवर नाही, शत्रूंच्या शिक्षेचे दृश्य तर या परिच्छेदात अजिबात नाही. आपण सदैव प्रभूजवळ असू, इथे वर्णन थांबते आणि लगेच या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा अशी विनंती येते. जे वाचून माणसे पुढे तक्ते आणि तारखा मांडू लागली, ते मुळात दुखवट्याच्या घरी नेण्यासाठी लिहिले होते.

पण या अध्यायाचे खरे मर्म तुतारीच्या किंचित आधी आहे आणि तिथे फारसे कोणी थांबत नाही. नवव्या ते बाराव्या वचनांत पौल बंधुप्रेमाविषयी बोलतो. ते तुम्हांला शिकवावे लागत नाही, पण आणखी वाढवा, म्हणतो. मग तीन गोष्टी सुचवतो : शांतपणे राहा, आपापला व्यवसाय पाहा, हातांनी काम करा. कशासाठी? बाहेरच्यांशी सभ्यतेने वागता यावे आणि कोणाचे मिंधे व्हावे लागू नये म्हणून. याला लागूनच आकाश उघडते. मधे एकही संक्रमणाचा पूल नाही. हे शेजारपण मला योगायोगाचे वाटत नाही. दुसऱ्या अध्यायात पौलाने आपण रात्रंदिवस श्रम करून, कोणावर भार न होता उपदेश केल्याची आठवण दिली आहे. तंबू शिवणारा हा माणूस तुतारी ऐकण्याची तयारी म्हणून हातातले काम खाली ठेवायला सांगत नाही. ते नीट करा, म्हणतो. भक्तीचे जीवन आणि पोटापाण्याचे जीवन त्याने एकाच धाग्यात ओवले आहे.

पाचव्या अध्यायातली प्रतिमांची हाताळणी तर कवीची आहे. प्रभूचा दिवस रात्रीच्या चोरासारखा येईल, अशी सुरुवात. म्हणजे दिवसच चोर होऊन येणार! पण पुढच्याच दमात तो वाचकांना धीर देतो : तुम्ही प्रकाशाची लेकरे आहात, तुमच्यावर हा दिवस चोरासारखा येणार नाही. भीतीची प्रतिमा उचलायची आणि तिच्यातली भीती तिथल्या तिथे काढून घ्यायची, ही त्याची रीत. झोपेचेही तसेच. चौथ्या अध्यायात झोप म्हणजे मृत्यू, पाचव्यात झोप म्हणजे गाफीलपणा. आणि शेवटी तो म्हणतो की आपण जागे असू वा झोपलेले, त्याच्यासह जिवंत राहू. जाग्या माणसांना सावध करता करता तो निजलेल्यांना विसरलेला नाही. पहारेकऱ्याला विश्वास आणि प्रीतीचे उरस्त्राण आणि आशेचे शिरस्त्राण तो देतो. यशयाच्या ग्रंथात असे चिलखत स्वतः देव चढवतो. इथे ते थेस्सलनीकातल्या कष्टकऱ्यांच्या अंगावर येते, आणि तलवार मात्र त्यात नाही.

दुसऱ्या अध्यायातले यहुद्यांविषयीचे कठोर उद्गार मला जाचतात. काही अभ्यासक ते मागाहून घातलेले मानतात. ते पौलाचेच असतील, तर या कोमल पत्रावरचा तो डाग आहे, आणि इतिहासात अशा वाक्यांचा जो वापर झाला तो आठवला की डाग गडद होतो.

पुढे पत्राचा आशय किती वाकवला गेला! दुसऱ्या पत्रावरून दिसते की प्रभूचा दिवस आलाच, या समजाने मंडळी हादरली होती आणि काही जण काम टाकून इतरांच्या जिवावर जगू लागले होते. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने मेघांतल्या त्या भेटीवरून विश्वासणाऱ्यांना जगातून अचानक उचलून नेले जाण्याचा सिद्धांत उभारला. अमेरिकेत विल्यम मिलरच्या गणितावर भरवसा ठेवून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवसाची वाट पाहत बसले. कोणी शेतातले पीक तसेच सोडले होते. काळ आणि समय यांविषयी तुम्हांला लिहायची गरज नाही, असे पौलाने पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात स्पष्ट केले होते.

मराठीत या पत्राला एक वेगळे भाग्य लाभले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रिया छापखान्याचे काम शिकल्या होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. प्रभूची वाट पाहणे आणि हातांनी काम करणे यांची सांगड पौलाने कागदावर घातली, तिचा याहून समर्पक दाखला मला ठाऊक नाही.

पत्राच्या शेवटी छोट्या छोट्या आज्ञांची सर आहे. स्वैर वागणाऱ्यांना समज द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशील असा. आणि अखेरीस प्रभूची शपथ घालून सांगणे : हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. दफनविधीच्या वेळी या पत्रातला उतारा बहुधा चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून वाचतात. पुढच्या वेळी तो नवव्यापासून वाचावा, एवढीच विनंती.