वापनिक यांचा अध्ययनसिद्धान्त : सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक :
मोजक्या उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढणे कितपत न्याय्य आहे, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. यंत्रांच्या संदर्भात त्याला काटेकोर गणिती रूप देणाऱ्यांत मॉस्को येथील व्लादिमिर वापनिक व अलेक्सेई चेर्वोनेंकिस यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या १९७१ मधील शोधनिबंधातील विचार वापनिक यांच्या 'द नेचर ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग थिअरी' (१९९५) या ग्रंथात विस्ताराने आला. त्याच्या मध्यवर्ती प्रमेयाचा परामर्श येथे घेतला आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन :
दिलेल्या उदाहरणांवर यंत्र चुकले नाही, म्हणून ते नव्या उदाहरणांवरही चुकणार नाही असे नाही. पहिले यश केवळ पाठांतरानेही मिळते. म्हणून यंत्राला उपलब्ध असलेल्या नियमसंचाची 'क्षमता' मोजावी, असे वापनिक सांगतात. प्रतलावरील तीन बिंदू एकरेषीय नसतील, तर त्यांचे दोन गट पाडण्याच्या आठही रीती सरळ रेषेने साधतात; चार बिंदूंच्या सोळाही रीती मात्र कधीच साधत नाहीत. म्हणून सरळ रेषांची क्षमता ३ ठरते. क्षमतेच्या मानाने उदाहरणे पुरेशी असतील, तर दिसलेल्या व न दिसलेल्या चुकांत फार अंतर न पडण्याची संभाव्यता मोठी असते. उदाहरणे परस्परनिरपेक्ष व एकाच वितरणातील असावीत, एवढीच अट आहे. ते वितरण कोणते, हे ठाऊक असावे लागत नाही.

मर्यादा :
ही व्यापकताच पुढे अडचणीची ठरली. चियुआन झांग व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या प्रयोगात ५०,००० चित्रांना यदृच्छया नावे दिली. न्यूरल नेटवर्कने ती सर्व बिनचूक पाठ केली. नव्या चित्रांवर अर्थातच त्याचा काही उपयोग नव्हता. खरी नावे दिल्यावर मात्र तेच नेटवर्क नवी चित्रेही बऱ्याच अंशी ओळखू लागले. क्षमता हा नियमसंचाचा गुण आहे; चित्रांना कोणती नावे दिली, याच्याशी तिचा संबंध नाही. दोन्ही प्रसंगी तिचा आकडा एकच असल्याने शिकणे आणि घोकणे यांतील भेद त्यावरून उलगडत नाही.

तथापि, यावरून प्रमेय खोटे ठरले असे म्हणणे तर्काला धरून होणार नाही. क्षमता फार मोठी असता प्रमेय हमी देत नाही, इतकेच. हमी नसणे म्हणजे अपयशाचे भाकीत नव्हे. शिवाय प्राचलांची संख्या म्हणजे क्षमता नव्हे, हे वापनिक यांनीच दाखविले आहे. एकाच प्राचलाच्या साइन फलनांपासून बनलेल्या संचाची क्षमता अनंत असू शकते. उलट दोन गटांमध्ये रुंद अंतर राखणाऱ्या नियमांची क्षमता प्राचले पुष्कळ असूनही मर्यादित राहते. यंत्र काय काय करू शकले असते यापेक्षा त्याने प्रत्यक्षात कोणता नियम निवडला, याकडे वळणाऱ्या पुढील संशोधनाची बीजे या विवेचनात आढळतात.

समारोप :
रोगनिदानासारखे निर्णय यंत्रावर सोपविताना चाचणीतील यश ही एक साक्ष असते. ते यश टिकण्याचे कारण सांगणे हे सिद्धान्ताचे काम आहे. वापनिक यांचे उत्तर आज अपुरे वाटते. परंतु यंत्र शिकले की त्याने केवळ पाठ केले, हा त्यांनी गणिताच्या भाषेत मांडलेला प्रश्न टाळून कोणत्याही यंत्रावर विश्वास ठेवता येणार नाही.