मध्ययुगीन संगीतग्रंथ आणि परीक्षार्थीचा कान : एक चिकित्सा

संगीत विशारदच्या शास्त्र विषयाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत मध्ययुग बहुधा एका पानात मावते. शार्ङ्गदेव, ‘संगीत रत्नाकर’, तेरावे शतक, सात अध्याय. रामामात्य, ‘स्वरमेलकलानिधी’, इ. स. १५५०, अहोबल, ‘संगीत पारिजात’, सतरावे शतक. दौंडसारख्या तालुक्याच्या गावी ही टिपणे पाठ करणाऱ्या परीक्षार्थीला शार्ङ्गदेव फार दूरचा वाटतो. वस्तुतः दौंडहून मनमाड गाठून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघाले की वाटेत दौलताबाद स्थानक लागते. तेच यादवांचे देवगिरी. सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचे काम पाहणाऱ्या, मूळच्या काश्मिरी घराण्यातील या पंडिताने आपला ग्रंथ तेथेच रचला. मध्ययुगीन ग्रंथांच्या अध्ययनातून श्रवण कसे वगळले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाश्चात्त्य संगीताच्या रसग्रहण-परीक्षेत मध्ययुग व प्रबोधनकाळ यांचा अभ्यास ऐकून करावा लागतो. अकराव्या शतकात ग्वीदो दारेत्सोने स्वरलेखनासाठी रेषांची पद्धती रूढ केली. त्यामुळे पुढे सोळाव्या शतकातील पालेस्त्रीनाची रचना आजही गाता येते आणि विद्यार्थ्याला ती कानाने ओळखावी लागते. आपल्याकडे ‘रत्नाकरा’त रागांची स्वरलिखित उदाहरणे आहेत, परंतु ती प्रत्यक्षात कशी गायिली जात याविषयी एकमत नाही. म्हणून श्रवण अशक्य, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. तो निदान दोन ठिकाणी टिकत नाही.

पहिले ठिकाण म्हणजे श्रुतिस्वर-विभाजनाचा नेहमीचा प्रश्न. प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथकार प्रत्येक स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानतात. म्हणून षड्ज चौथ्या, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या श्रुतीवर येतो. पं. भातखंडे यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर मानला. त्यामुळे षड्ज पहिल्या, ऋषभ पाचव्या, गांधार आठव्या श्रुतीवर गेला. दोन्हीकडे ४-३-२-४-४-३-२ हेच आकडे असल्याने दोन्ही तक्ते विद्यार्थी बिनचूक लिहितो, गुणही मिळवतो. पण पहिल्या तक्त्यात षड्जापासून ऋषभ तीन आणि तेथून गांधार दोन श्रुतींवर आहे, म्हणजे तो आजचा कोमल गांधार झाला, हे त्याला क्वचितच उमगते. जुने शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटाशी मिळते आणि भातखंड्यांचे शुद्ध सप्तक बिलावलाशी. एवढा मोठा पालट केवळ दोन तक्त्यांतील फरक म्हणून पाठ केला जातो.

हा पालट कानाने पडताळण्याचे साधन अहोबलानेच दिले आहे. वीणेच्या तारेच्या लांबीवरून त्याने स्वरस्थाने सांगितली. आधुनिक लेखकांनी गणिताच्या सोयीसाठी तार ३६ इंचांची धरली, आणि विद्यार्थी १८, २४, २७, ३० हे आकडे पाढ्याप्रमाणे म्हणतो. फळीवर तेवढ्या लांबीची एक तार ताणून खाली घोडी सरकवावी: १८ वर तार षड्ज, २४ वर पंचम, २७ वर मध्यम. षड्ज व पंचम यांच्या बरोबर मध्ये, ३० इंचांवर, अहोबलाचा शुद्ध गांधार. तो ऐकताच वर्गातील कोणीही त्याला कोमल म्हणेल. (हार्मोनियमवर हा प्रयोग साधत नाही, तिचे स्वर आधीच बांधलेले असतात.) अहोबलाच्या सर्वच स्वरांबाबत अभ्यासकांचे एकमत नाही हे खरे, तथापि या चार स्थानांपुरती शंका घेण्याचे कारण नाही. खर्च एका तारेचा आणि वेळ एका तासिकेचा. तरीही बाजारातील मार्गदर्शिका या प्रकरणात गणितापुढे जात नाहीत.

दुसरे ठिकाण प्रबंधाध्यायातले. विप्रकीर्ण प्रबंधांच्या यादीत ओवीचे नाव विद्यार्थी पाठ करतो. त्याआधीच्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. भीमाकाठच्या खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्याने कदाचित तीच ओवी आजीच्या तोंडून जात्यावर ऐकलेली असते. बाराव्या शतकातील ओवी आणि आजची ओवी यांची चाल एक होती, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु श्रमाशी जोडलेले स्त्रियांचे गाणे हा तिचा धर्म कायम आहे, आणि ‘प्रबंध म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना तो विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकतो. प्रत्यक्षात ओवी मराठीच्या तासाला राहते आणि प्रबंध संगीताच्या. दोन्ही तास एकाच इमारतीत भरत असले तरी प्राध्यापकांची या विषयावर गाठ पडत नाही.